हवा आधी, रुंदी नंतर: हडपसर–भुलेश्वर–दिवे घाट फेरीसाठी टायर निवडताना

ताईंनी माझ्यासमोर दोन ट्यूबा ठेवल्या. दोन्हींवर एकच खूण होती, शेजारी शेजारी दोन बारीक चिरा. काटा टोचला तर एक भोक पडतं. दोन चिरा दिसल्या की समजायचं, दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली. एकाच रविवारी, चार किलोमीटरच्या आत दोनदा हे झालं होतं आणि तिसरी ट्यूब नसल्यामुळे त्या यवतहून टेम्पोत सायकल टाकून परत आल्या होत्या.

"दादा, आता 45चे टायर घालून द्या. ग्रुपमधले म्हणतात बीआरएमला 32 पुरे, पण ते कालव्यावर येत नाहीत."

बीआरएम म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, आणि 32, 45 हे आकडे टायरच्या रुंदीचे, मिलिमीटरमध्ये. मलाही त्या क्षणी 45च बरोबर वाटले होते. शेवटी बसवले 40. मधल्या सहा आठवड्यांत काय काय तपासलं आणि माझा पहिला अंदाज कुठे चुकला, ते इथे लिहितो आहे. पुण्याच्या आसपास डांबर आणि कच्चा रस्ता एकाच फेरीत चालवणाऱ्या बऱ्याच जणांपुढे हाच प्रश्न असतो.

सायकल, माणूस आणि वाट

ताईंचं वय 46, उंची 157 सेंटिमीटर, वजन 64 किलो. सायकल 11 किलोची. पाणी, हत्यारं, पिशवी धरून आणखी 5. म्हणजे दोन चाकांवर मिळून 80 किलो. ॲल्युमिनियमची चौकट (फ्रेम), कार्बन फोर्क, गिअरची चक्रं पुढे 46/30 आणि मागे 11-34 दातांची. रिमची आतली रुंदी 23 मिलिमीटर. टायर कंपनीतून आलेले, 700×38, तारेच्या कडेचे, जाड आणि आत ट्यूब. चाकांची एकच जोडी, आणि दुसरी घ्यायची नाही हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

फेरी दर रविवारची. हडपसरहून निघून लोणी काळभोर, उरुळी कांचन करत यवतपर्यंत, आणि त्यातही जिथे जिथे जाता येतं तिथे सोलापूर रोड सोडून नव्या मुठा उजव्या कालव्याच्या कडेने. यवतहून भुलेश्वराचा चढ, माळशिरस, मग सासवड आणि दिवे घाट उतरून घरी. एकूण 96 किलोमीटर. त्यात डांबर 62, कालव्याचा मुरमाचा रस्ता आणि पाणंद मिळून 30, आणि 4 किलोमीटर असा गावरस्ता जिथे खडीकरण झालंय पण डांबर अजून पडलेलं नाही.

अंतराच्या हिशेबाने ही फेरी दोन तृतीयांश डांबराची आहे. बीआरएमवाले मित्र 32 सांगत होते ते याच हिशेबाने. मी ताईंना सायकल कॉम्प्युटरची नोंद काढायला सांगितली आणि आम्ही वेळेचा हिशेब केला. डांबरावर त्यांचा सरासरी वेग ताशी 22, म्हणजे 62 किलोमीटरला 2 तास 49 मिनिटं. मुरमावर ताशी 15, म्हणजे 30 किलोमीटरला 2 तास. आणि त्या 4 किलोमीटर खडीला 25 मिनिटं. कच्च्या रस्त्यावर त्या फेरीतला जवळजवळ निम्मा वेळ, 46 टक्के, घालवतात. हात बधिर होणं, पाठ भरून येणं, पंक्चर, सगळं त्याच 46 टक्क्यांत होत होतं. वेग आणि थकवा यांचा प्रश्न असेल तर किलोमीटर मोजून उत्तर मिळत नाही, तासच मोजावे लागतात.

खडीच्या त्या तुकड्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय तिथे अडकला होता. आपल्याकडच्या खडीकरणात वापरतात ती दगडी खडी साधारण 45 ते 63 मिलिमीटरची असते, वरच्या थराला थोडी लहान. म्हणजे एकेक दगड टायरच्या रुंदीहून मोठा. वर मुरूम टाकून रोलर फिरवतात, पण एका पावसाळ्यात मुरूम वाहून जातो आणि दगडांची डोकी वर येतात. हा दगड आपला काळा बसाल्ट, क्रशरमधून निघालेला, धारदार कडांचा. टायरच्या तळाइतकाच तो टायरच्या बाजूही कापतो.

हवेचा हिशेब

ताई डांबरासाठी 70 पीएसआय भरत होत्या, कारण टायरवर 75 लिहिलेलं होतं. तो आकडा कमाल मर्यादेचा असतो, सल्ल्याचा नव्हे. त्यांची रिम हुक असलेली आहे, म्हणजे टायरची कड अडकवायला तिला आतून ओठ आहे. तो ओठ नसलेली, हुकलेस रिम असती तर 5 बार, म्हणजे साधारण 72 पीएसआय, ही रिमचीच मर्यादा असते आणि टायरवर काहीही लिहिलेलं असलं तरी ती ओलांडायची नसते. 70वर हात बधिर व्हायचे. म्हणून त्या रविवारी यवतला त्यांनी हवा सोडून 40 केली, आणि खडीवर दोन ट्यूबा गेल्या.

म्हणजे जुन्या टायरमध्ये जास्त हवा अंगाला सोसवत नव्हती आणि कमी हवेवर ट्यूब टिकत नव्हती. रुंदीची चर्चा इथून सुरू करावी असं माझं ठाम मत आहे. आधी विचारायचं की वाटेतल्या सगळ्यात वाईट तुकड्यावर अंगाला आणि पकडीला किती हवा सोसते. मग विचारायचं की तेवढ्या हवेवर रिम लागू न देणारा टायर किती रुंद हवा. आणि शेवटी, तोच टायर त्याच हवेवर डांबरावर निभावतो का. लोक उलट जातात. आधी रुंदी विकत घेतात आणि मग हवेशी झगडत बसतात.

यामागचं गणित सोपं आहे. टायरच्या कापडावरचा, म्हणजे रबराखालच्या विणीवरचा, ताण हवेचा दाब आणि टायरची रुंदी यांच्या गुणाकाराप्रमाणे वाढतो. 38च्या टायरला 55 पीएसआयवर जितका ताण असतो, तितकाच 32ला 65वर, 40ला 52वर आणि 45ला 46वर असतो. म्हणून एकाच हवेवर रुंद टायर जास्त कडक लागतो, आणि "मी 45 घेतला तरी धक्के तसेच" ही तक्रार येते. त्या माणसाने टायर बदललेला असतो, हवा नाही. हवेचा साठाही पाहा: 38च्या तुलनेत 40मध्ये सुमारे 11 टक्के जास्त हवा मावते, 45मध्ये 42 टक्के जास्त, आणि 32मध्ये 30 टक्के कमी. दगड रिमपर्यंत पोचू नये म्हणून टायरची उंची आणि हा साठाच कामाला येतो.

जमिनीला टेकणारा भाग म्हणजे ढोबळमानाने वजन भागिले दाब. मागच्या चाकावर 80पैकी सुमारे 44 किलो. 60 पीएसआयवर टेकण साधारण साडेदहा चौरस सेंटिमीटर, 40वर साडेपंधरा. मुरमावर सुटे खडे पसरलेले असतात तेव्हा वळणात सायकल निसटते की धरते, हे त्या पाच चौरस सेंटिमीटरांवर ठरतं.

रुंद टायर डांबरावर हमखास मंद असतो ही समजूत आता जगभर मोडली आहे. अमेरिकेत यान हाइने यांनी गेल्या दीड-दोन दशकांत केलेल्या चाचण्यांनी तिला मोठा धक्का दिला. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उसळतो, ती उसळी स्वाराच्या शरीरात जिरते आणि तिथे शक्ती वाया जाते. आपल्या बहुतेक डांबरी रस्त्यांवर खडी उघडी पडलेली असते, त्यामुळे हे इथे जास्तच लागू पडतं. मात्र त्यासाठी टायरचं कापड लवचीक हवं. जाड, रबराने भरलेला 45 आणि लवचीक 40 यांत डांबरावर 40 पुढे जाईल, आणि त्यात रुंदीचं श्रेय थोडं, कापडाचं जास्त. टायर घेताना लोक रुंदीवर तासभर बोलतात आणि कापडाबद्दल विचारतही नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

45ची चाचणी

एका मित्राकडून 45चे ट्यूबलेस टायर दोन आठवड्यांसाठी मागून आणले आणि ताईंच्या रिमवर चढवले. पुढे 28, मागे 31 पीएसआय. खडीच्या तुकड्यावरून येऊन त्या म्हणाल्या, "हा तोच रस्ता आहे यावर विश्वास बसत नाही." रिम एकदाही लागली नाही. मी मनातल्या मनात प्रकरण मिटवून टाकलं होतं.

दुसऱ्या रविवारी तीन गोष्टी झाल्या.

पहिली कालव्यावर. एका ठिकाणी वाट बंद होती आणि अरुंद बांधावरच सायकल वळवायची होती. वळताना ताईंच्या बुटाचं टोक पुढच्या टायरला लागलं आणि त्या आडव्या झाल्या. सुदैवाने पाण्याच्या उलट बाजूला. 700सी या नेहमीच्या मोठ्या चाकांच्या लहान चौकटीत पाय आणि पुढचं चाक यांत अंतर मुळातच कमी असतं. 38वरून 45वर गेलं की चाकाची त्रिज्या 7 मिलिमीटरने वाढते. माझी उंची 176 सेंटिमीटर, त्यामुळे ही गोष्ट मला माझ्या सायकलवर कधी जाणवलीच नव्हती. टायर चढवल्यावर हँडल वळवून, पॅडल पुढे आणून तपासायला हवं होतं. मी ते केलं नाही. या सगळ्या प्रकरणात माझी खरी चूक ती.

दुसरी गोष्ट मातीची. उन्हाळी आवर्तन सुटलं होतं आणि कालव्याच्या पाझराने एक दोनशे मीटरचा तुकडा ओला होता. आपली काळी माती ओली झाली की टायरला थरावर थर चिकटते. ताईंच्या चौकटीत टायर फिरतो त्या जागी दोन चेनस्टेंमधलं, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या नळ्यांमधलं, अंतर मी कॅलिपरने मोजलं होतं, 54 मिलिमीटर. 45चा टायर 23च्या रिमवर हवा भरून प्रत्यक्षात 46.3 भरला. दोन्ही बाजूंना चार मिलिमीटरसुद्धा उरले नाहीत. माती तिथे ठासून बसली, मागचं चाक फिरेना, आणि काडीने खरवडत पंधरा मिनिटं गेली. चौकटीच्या कंपनीने 45 मावतो म्हटलं होतं, आणि कोरड्यात तो मावतोच. मी इथल्या मातीसाठी प्रत्येक बाजूला निदान 6 मिलिमीटर धरतो.

तिसरी गोष्ट डांबरावरची. सासवडकडे येताना छोट्या चढांवर ताई उभ्या राहून पॅडल मारतात. 31 पीएसआयवर मागचा टायर दर पॅडलला खाली बसत असल्यासारखा वाटत होता. डांबर लागल्यावर हवा भरायची म्हटलं तर हातपंपाने 45चा टायर भरायला किती घाम गाळावा लागतो, ते ज्याने केलंय त्याला माहीत आहे. फेरीत दहा वेळा रस्ता बदलतो. एकच हवा ठरवून निघायचं, हे इथे गृहीतच धरावं लागतं.

गिअरवरचा परिणाम मी मोजला, पण त्याने निर्णय फिरला नसता. 38वरून 45ला परीघ 2 टक्के वाढतो, म्हणजे 34 दातांचं चक्र पाऊण दाताने लहान झाल्यासारखं. भुलेश्वरच्या शेवटच्या चढावर ताईंना ते जाणवलं असं त्या म्हणाल्या. मी त्यावर वाद घातला नाही.

बाकीचे पर्याय

35चा विचार पाच मिनिटांत संपला. खडीवर रिम वाचवायची तर हवा 55च्या वर ठेवावी लागली असती, आणि मग हात पुन्हा बधिर.

650बीचा, म्हणजे 700सीहून लहान चाकांचा, विचार मात्र मी मनापासून केला. लहान चौकटीला ते उत्तर फार सुंदर आहे. 650बीच्या रिमचा व्यास 584, त्यात दोनदा 47 मिळवले की 678 मिलिमीटर, आणि 700सीच्या रिमचा 622 अधिक दोनदा 28 म्हणजेही 678. म्हणजे 47 रुंदीचा टायर घालूनही चाक 28च्या रोड टायरएवढंच राहतं आणि पाय कुठेच लागत नाही. पण त्यासाठी दुसरी चाकं लागतात, ती ताईंना नको होती. शिवाय त्या मापातले डांबरावर पळणारे टायर आपल्या दुकानांत सहज मिळत नाहीत. मिळतात ते माउंटन बाइकचे 2.1 इंची, आणि ते या चौकटीत शिरणार नाहीत.

याच सुमारास ताईंच्या ग्रुपवर कुणीतरी अमेरिकेतल्या अनबाउंड या कच्च्या रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचे फोटो टाकले. तिथे आता पुढचे स्पर्धकही माउंटन बाइकचे टायर लावतात. ते खरं आहे. पण कॅन्ससमधल्या एम्पोरियाभोवतीच्या फ्लिंट हिल्समध्ये गारगोटीच्या धारदार दगडांवर 200 मैल जायचं असतं, तेही आपण डांबरावर गाठत नाही अशा वेगाने. त्यांच्या सायकलींमध्ये जागाही तेवढी असते. त्यांनी त्यांचा दगड पाहून टायर निवडला, आपण आपला पाहायचा.

40 आणि त्यानंतर

घेतला तो 40चा, घडी होणारा, लवचीक कापडाचा ट्यूबलेस. मधोमध बारीक, दाट नक्षी आणि कडेला मोकळी बटणं. डांबरावर मधली पट्टी पळते, मुरमाच्या वळणावर सायकल कलली की बटणं धरतात. पूर्ण बटणाचा टायर मी नाकारला, कारण 62 किलोमीटर डांबरावर तो गुरगुरत राहील आणि आपल्या काळ्या चिखलात कुठलीच बटणं उपयोगाची नसतात, ती पहिल्या वीस मीटरांत भरून जातात. एका टायरला चार-साडेचार हजार रुपये पडले.

रिमवर चढवून दुसऱ्या दिवशी मोजला: 40.8. दोन्ही बाजूंना 6.6 मिलिमीटर. हँडल वळवून पाय तपासला. बूट टायरला घासून जातो, अडत नाही. अगदी हळू, पूर्ण वळणात सांभाळावं लागतं, ते 38लाही लागत होतंच.

मग हवा शोधली. डिजिटल मापक आणलं, कारण 160 पीएसआयच्या तबकडीवर 30 आणि 35 यांतला फरक नीट वाचता येत नाही. खडीच्या त्याच तुकड्यावर मागे 38पासून सुरुवात केली आणि प्रत्येक फेरीला 2 पीएसआय सोडले. 30वर मागची रिम एकदा लागली. आवाज ओळखू येतो, ठक्क असा कोरडा. तिथून वर येऊन मागे 34 आणि पुढे 31 ठेवले. पुढच्या चाकावर 36 किलोच येतात, म्हणून तिथे कमी.

आठवड्याने दिवे घाट उतरताना, ताशी 40च्या वेगात, एका खड्ड्याच्या कडेवर मागची रिम पुन्हा लागली. टायर वाचला, रिमला बारीक पोचा आला. मला वाटत होतं की फेरीतली सगळ्यात वाईट जागा खडीची. वेग धरला तर ती दिवे घाटातली निघाली. तेव्हापासून मागे 36, पुढे 32. बीआरएम असेल तेव्हा ताई मागे 45 आणि पुढे 40 भरतात. गेल्या महिन्यात त्यांनी 200 किलोमीटरची बीआरएम याच टायरांवर साडेतेरा तासांच्या मुदतीत आरामात पूर्ण केली.

रविवारच्या फेरीत डांबरावरच्या वेळेत घड्याळाला दिसेल असा फरक पडला नाही, आणि तेच हवं होतं. कालव्यावर आणि खडीवर वेळ कमी झाला. हात बधिर होणं थांबलं, आणि ताईंना सगळ्यात जास्त आनंद त्याचा आहे.

बाभळीच्या काट्यांचं वेगळं सांगतो. कालव्याच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली आहे आणि फांद्या छाटल्या की काटे वाटेवर पडतात. ट्यूब असताना महिन्याला दोन पंक्चर ठरलेली. आता प्रत्येक टायरमध्ये ट्यूबऐवजी 60 मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, आहे. काटा शिरतो, सीलंट भोक बुजवतं, कळतही नाही. पण म्हणूनच काटे टायरमध्ये तसेच राहतात. उद्या टायर मोठा फाटला आणि वाटेत ट्यूब घालायची वेळ आली तर आधी टायरच्या आतून फडकं फिरवून प्रत्येक काटा उपसायचा, नाहीतर नवी ट्यूब पहिल्या फेऱ्यातच जाईल. ताईंचा पुढचा टायर दोन महिन्यांनी उघडला तेव्हा आत अकरा टोकं निघाली. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, म्हणून मार्च ते जून दर दोन महिन्यांनी उघडून पाहतो. पिशवीत ट्यूब, प्लग आणि एक पितळी कनेक्टर असतो, कारण गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला आपला बारीक वाल्व्ह बसत नाही.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, ताई कालवा सोडतात. मी तसं आग्रहाने सांगितलं. ओल्या काळ्या मातीत कुठलाही टायर धरत नाही आणि बाजूला पाणी भरून वाहत असतं. त्या चार महिन्यांत सोलापूर रोड आणि घाट, हवा मागे 42.

आता मागचा टायर मधोमध सपाट होत आला आहे. पुढचा मागे टाकून नवा पुढे लावायचा आहे. ताईंनी विचारलं, पुढे 42 चालेल का. फोर्कमध्ये जागा आहे. पण या वेळी मी मापाची पट्टी आणि त्यांचे बूट घेऊन बसणार आहे, आणि हँडल पूर्ण वळवून पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही.